चौकाचा आराखडा आणि सहा सेंटिमीटरची कड : एका नगरपरिषदेतलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. एसटी स्टँडपासून जुन्या मंडईपर्यंत जाणारा साधारण पाऊण किलोमीटरचा मुख्य रस्ता, मध्ये चौक, चौकाच्या एका अंगाला बँक, दुसऱ्या अंगाला ग्रामदैवताचं देऊळ. दोन्ही बाजूंना जुन्या पद्धतीची ओट्यांची दुकानं, ओट्यापुढे दोन-तीन पायऱ्या, पायऱ्यांपुढे लावलेल्या दुचाकी आणि उरलेल्या जागेत पथारीवाल्या बायका. माणसं चालतात ती डांबरावरूनच. गावाचं नाव आणि ओळख पटेल अशा खुणा इथे बदलल्या आहेत, घडलेला क्रम मात्र तोच ठेवला आहे.

या रस्त्याच्या नूतनीकरणासाठी नगरपरिषदेला राज्याकडून निधी मंजूर झाला होता. नगरपरिषदांच्या निवडणुका राज्यभर रखडलेल्या त्या काळात नगरसेवक नव्हते आणि मुख्याधिकारीच प्रशासक होते. एरवी एखाद्या वॉर्डातली म्हातारी नगरसेवकाच्या दारात जाऊन "माझ्या घरापुढं काय खणताय रे" असं विचारू शकते. तो मार्ग तेव्हा बंद होता, त्यामुळे लोकांशी बोलण्याची जी काही सोय आराखड्यात असेल तेवढीच. प्रकल्प सल्लागाराच्या हाताखाली लोकसहभागाचं काम आमच्या छोट्या गटाकडे आलं ते याच टप्प्यावर.

कायद्याची बाजू पक्की होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधलं कलम ४१ वाहतुकीबरोबर सुगम रस्त्यांचीही जबाबदारी शासनावर टाकतं. केंद्राच्या गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयाची २०२१ ची सार्वत्रिक सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचारी सुविधांचं मानक आहे. पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, कडेची, म्हणजे गाड्यांचा रस्ता आणि पदपथ यांच्यामधल्या पायरीची, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, उताराचं प्रमाण १:१२ ही मापं आराखडा काढणाऱ्या सर्वांना पाठ असतात. आमच्या आराखड्यातही ती होती, आणि कागदावर त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

अडचण

आराखडा एका तरुण वास्तुविशारदाने मनापासून केला होता. त्याची मुख्य कल्पना अशी, की एका ओट्यापासून समोरच्या ओट्यापर्यंत सगळा रस्ता एकाच पातळीवर फरसबंद करायचा. पदपथ वेगळा नाही, कड नाही, चढ-उतार नाही. गाड्या हळू चालतील, माणसं मोकळेपणाने फिरतील आणि व्हीलचेअरला कुठेही अडथळा येणार नाही. "सगळ्यांसाठी सुगम" हे शब्द आराखड्याच्या पहिल्याच पानावर होते.

वर्तमानपत्रात जाहीर नोटीस निघाली आणि हरकती-सूचना मागवल्या गेल्या. नकाशा नगरपरिषदेच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहाबाहेर लावला. इमारतीला लिफ्ट नाही. ज्या थोड्या हरकती आल्या त्या बहुतेक दुकानदारांच्या आणि पार्किंगबद्दलच्या होत्या. दिव्यांगांकडून एकही सूचना आली नाही आणि फाइलवर शेरा पडला : दिव्यांग नागरिकांची हरकत नाही.

या एका शेऱ्यावर आमचा नगर अभियंत्यांशी पहिला खटका उडाला. माणूस सरळ आणि कामसू. त्यांनी विचारलं, "असे किती लोक असतील हो गावात?" आम्ही तो प्रश्न गांभीर्याने घेतला, कारण तो प्रत्येक कचेरीत विचारला जातो आणि त्याचं उत्तर तिथेच फाइलमध्ये पडलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांगांची नोंद आहे, म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहून थोडी जास्त. तीही अपंगत्वाचे मोजके आठ प्रकार धरून. २०१६ च्या कायद्याने प्रकार २१ केले. शिवाय गुडघे दुखणारी आजी, पोटुशी बाई, मोतीबिंदू पिकलेले आजोबा कुठल्याच यादीत नसतात.

गावातल्या दिव्यांगांची यादी तर नगरपरिषदेकडेच होती. स्थानिक संस्थांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, आणि त्याच्या वाटपाची नावानिशी, फोन नंबरासह यादी खालच्या मजल्यावर एका लिपिकाच्या कपाटात होती. बांधकाम विभागाने ती कधी मागितलीच नव्हती.

पहिली बैठक

यादीवरून फोन केले. निराधार योजनेचं अनुदान घ्यायला माणसं बँकेपुढे रांग लावतात, त्या दिवशी रांगेत जाऊन बोललो. आशाताईंनी घराघरात निरोप दिले. घंटागाडीच्या भोंग्यावरून दवंडीसारखी सूचना गेली. बैठक पहिल्या मजल्यावरून हलवून एसटी स्टँडजवळच्या शाळेत, तळमजल्याच्या वर्गात घेतली. माणसं आली, वर्ग भरला.

तरीही ती बैठक फसली. नकाशा भिंतीवर होता, तो दिसणाऱ्यांनाही कळत नव्हता, अंधांचा तर प्रश्नच नाही. माइकवरून सादरीकरण झालं, कर्णबधिर माणसं एकमेकांची तोंडं पाहत बसली, कारण सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावलेला नव्हता. सादरीकरणानंतर "काही प्रश्न?" असं विचारल्यावर पहिल्या चार जणांनी रखडलेल्या अनुदानाबद्दल विचारलं. ते स्वाभाविकच होतं. नगरपरिषदेचा साहेब समोर बसलेला त्यांना एरवी कधी भेटतो? वास्तुविशारद हिरमुसला. अभियंत्यांच्या मते, बैठक झाली, इतिवृत्त लिहिलं, विषय संपला.

शेवटी स्टँडवर पेपर आणि लॉटरीची तिकिटं विकणारे एक अंध गृहस्थ उठले. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, सगळं सपाट केल्यावर रस्ता कुठं सुरू होतो ते मला कसं कळणार?"

त्यांना कुणाकडूनच उत्तर मिळालं नाही. या विषयावर जगात बरंच काही घडून गेलेलं आहे हे तोवर खोलीतल्या कुणी बोलून दाखवलं नव्हतं. लंडनच्या संग्रहालयांपुढचा एक्झिबिशन रोड असाच एकसपाट करण्यात आला आणि २०११ च्या अखेरीस पूर्ण झाला. अंधांच्या संघटनांनी आराखड्याच्या काळापासून त्याला जोरदार विरोध केला होता. २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थानिक संस्थांना असे एकसपाट रस्त्यांचे आराखडे तूर्त थांबवायला सांगितलं. आमच्या वास्तुविशारदाने हे त्या रात्री बसून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच फोन केला. या प्रकरणात मला सगळ्यात आदर वाटतो तो त्या फोनचा.

समोरचे पर्याय

मुख्याधिकाऱ्यांपुढे तीन वाटा होत्या.

पहिली म्हणजे काम आहे तसं पुढे न्यायचं आणि शेवटी एक स्पर्शपट्टी टाकायची. यात वेळ जात नव्हता, निविदेचा मसुदा तयार होता, आणि बहुतेक गावांत होतं ते हेच. ठिपक्यांच्या आणि लांब पट्ट्यांच्या पिवळ्या फरशा मधोमध टाकल्या की सुगमतेचा रकाना भरतो. या फरशा जपानमध्ये सेइइची मियाके यांनी शोधल्या आणि मार्च १९६७ मध्ये ओकायामात अंध शाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या. मूळ हेतू नेमका : लांब पट्टी म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे धोका आहे. पण सपाट रस्त्यावर त्या फरशीला सगळा भार पेलावा लागतो, आणि तिच्यावर एक दुचाकी उभी राहिली की सगळी यंत्रणाच बंद.

दुसरी वाट म्हणजे आराखडा रद्द करून नव्याने सुरुवात. हे तत्त्वाला धरून होतं. मात्र ३१ मार्चपर्यंत निधी खर्ची पडला नाही तर तो परत जाणार होता, आणि परत गेलेला निधी पुन्हा कधी येतो ते तालुक्याच्या गावाला चांगलं ठाऊक असतं.

तिसरी वाट अभियंत्यांनीच सुचवली. काम दोन निविदांत तोडायचं. आधी जमिनीखालचं : पावसाळी गटार, पाण्याची लाइन, विजेच्या केबलचे पाइप. ते काही महिने चालेल. तेवढ्या वेळात वरच्या पृष्ठभागाचा निर्णय लोकांबरोबर बसून करायचा आणि त्याची निविदा नंतर काढायची. मुख्याधिकाऱ्यांनी ही वाट धरली. दोन निविदांमुळे कागदपत्रं वाढणार होती आणि तुकडे का पाडले म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप येऊ शकत होता. त्यांनी कारणं तपशिलाने लिहून फाइलला लावली आणि सही केली. या निर्णयाशिवाय पुढचं काहीच घडू शकलं नसतं. लोकांना विचारायचं तर अंदाजपत्रक गोठण्याआधी विचारायला हवं. तांत्रिक मंजुरी झाल्यावर आलेली प्रत्येक सूचना, कितीही रास्त असली, तरी अभियंत्याच्या दृष्टीने वाढीव खर्चच असते.

फक्की आणि प्लायवूड

नकाशा लोकांना कळत नसेल तर रस्ताच नकाशा करायचा, असं ठरलं. बाजारपेठ मंगळवारी बंद असते. एका मंगळवारी सकाळी बँकेपुढच्या पट्ट्यात, क्रीडांगणावर आखतात तशी फक्की मारून सगळा आराखडा खऱ्या मापाने रस्त्यावर काढला. पदपथ, पथारीची जागा, गाड्यांची मार्गिका, झाडांचे खड्डे. कडेसाठी प्लायवूडच्या फळ्या एकावर एक ठोकून २, ४, ६ आणि ८ सेंटिमीटर उंचीच्या लांब पायऱ्या केल्या. स्पर्शाच्या फरशा सुट्या मांडल्या.

ज्यांना बोलावलं त्यांना दिवसाची मजुरी आणि रिक्षाभाडं द्यायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. नगरपरिषदेच्या कुठल्या लेखाशीर्षातून द्यायचं यावर बराच खल झाला, शेवटी सल्लागाराच्या करारातल्या सर्वेक्षण खर्चात ते बसवलं. जो माणूस रोज तिकिटं विकून पोट भरतो त्याला सकाळ फुकट द्यायला सांगणं बरोबर नव्हतं. जिल्ह्याच्या कर्णबधिर शाळेतल्या एक शिक्षिका दुभाषी म्हणून आल्या.

पहिल्या अर्ध्या तासातच कागदावरच्या दोन गोष्टी कोलमडल्या. आमच्या आराखड्यात वळायला दीड मीटरचं वर्तुळ होतं, ते व्हीलचेअरचं माप. पण तालुक्याच्या गावात व्हीलचेअर क्वचित दिसते. दिसते ती हाताने पॅडल मारायची तीनचाकी. ती त्या वर्तुळात वळेना. गाड्या अडवायला ठेवायच्या खांबांमधून ती जाईना, हँडल अडकलं. खांबांतलं अंतर तिथल्या तिथे वाढवलं, आणि फक्कीची नवी रेघ मारली.

मग कडेची पाळी आली. अंध सहभागी एकेक करून चालत गेले, फळ्यांचा क्रम त्यांना न सांगता. २ सेंटिमीटरच्या कडेवरून काठी सरळ घसरून गेली आणि दोघं गाड्यांच्या मार्गिकेत पोचलेही. ४ ला काठीला लागलं तर कळलं, पायाला कळलं नाही. ६ सेंटिमीटरला सगळे थांबले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासातही २००९ साली हाच ६ सेंटिमीटरचा आकडा निघाला होता. तो आम्हाला माहीत होता, पण मुद्दाम कुणाला सांगितला नव्हता. आमच्या रस्त्यावर, आमच्या माणसांच्या चपलांत, तो निघतो का हे पाहायचं होतं.

तीनचाकीवाले दादा हे सगळं बघत होते. ६ सेंटिमीटर त्यांच्याने चढवेना. ते वैतागून म्हणाले, "म्हणजे यांच्यासाठी कड ठेवायची आणि मी लांबून फिरून जायचं?" गावातले एक अंध संगीत शिक्षक तितक्याच तडकपणे म्हणाले, "आणि तुमच्यासाठी कड काढायची तर मी गाडीखाली जायचं का?"

सहभागाचं खरं काम इथे सुरू झालं असं मला वाटतं. दिव्यांग म्हणून एकाच रकान्यात टाकलेल्या माणसांच्या गरजा एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात. कचेरीत बसून त्यातली एक बाजू निवडणं सोपं असतं, कारण दुसरी बाजू समोर नसते. इथे दोघं हातभर अंतरावर उभे होते.

कोंडी फोडली ती एका कर्णबधिर शिंपीकाकांनी. त्यांचं म्हणणं शिक्षिकेने सांगितलं : सपाट रस्ता झाला तर मागून येणारी दुचाकी मला ऐकू येणार नाही, मी सारखा मागे वळून बघत चालू का? मलाही वेगळा पदपथच हवा. तोवर कड हा फक्त अंधांचा हट्ट वाटत होता. आवाज न करणाऱ्या ई-रिक्षांचा विषय निघाला आणि दोन पथारीवाल्या मावश्याही मध्ये पडल्या. "गाडी अंगावर यायची भीती आम्हालाबी हाय की."

मग तीनचाकीवाल्या दादांनी स्वतःच विचारलं, "ओलांडायला सपाट जागा कुठं कुठं देणार, ते दाखवा." प्रश्न बदलला तसा मार्ग निघाला. पदपथाला ६ सेंटिमीटरची कड सलग. मात्र माणसं जिथे ओलांडतातच, म्हणजे बँक, देऊळ, औषधाचं दुकान, मंडईचं तोंड, तिथे गाड्यांचा रस्ताच वर उचलून पदपथाच्या पातळीला आणायचा. त्याने गाड्यांचा वेग आपोआप कमी होतो आणि तीनचाकी न चढता-उतरता पलीकडे जाते. अशा प्रत्येक जागी पदपथाच्या कडेला पूर्ण रुंदीभर ठिपक्यांच्या फरशांच्या दोन ओळी, म्हणजे काठीला आणि पायाला इशारा मिळेल. दादांनी बँक ते औषधाचं दुकान हे अंतर स्वतः चालवून पाहिलं आणि मध्ये आणखी एक सपाट जागा मागून घेतली. तीही मिळाली.

नकाशाच्या बाहेरच्या गोष्टी

त्या सकाळी आणि नंतरच्या दोन फेऱ्यांत अशा काही गोष्टी समोर आल्या ज्या कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकात पहिल्या पानावर नसतात.

पथारीवाल्यांना मागच्या गल्लीत हलवायचं आराखड्यात होतं. पदपथ मोकळा झाला की दिव्यांगांचं भलं होईल असा त्यामागचा युक्तिवाद. पेपरवाले गृहस्थ म्हणाले, "कोथिंबिरीचा वास आला की मंडईचं तोंड आलं, आणि फुलवाल्या मावशींचा आवाज आला की देवळाचा दरवाजा. त्यांना हलवलंत तर मी चुकेन." पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. ही समिती गावात कागदावर होती. ती प्रत्यक्ष बसवली आणि विक्रेत्यांसाठी झाडं आणि विजेच्या पेट्या यांच्याच रांगेत, रस्त्याच्या कडेने, प्रत्येकीला ठरलेली जागा आखून दिली. चालायची १.८ मीटरची पट्टी मोकळी राहिली आणि खुणाही जागच्या जागी राहिल्या.

दुसरी गोष्ट कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांच्या वस्तीतून आली. २०१६ च्या कायद्याच्या २१ प्रकारांत हा एक आहे, पण आमच्या यादीत त्या वस्तीतलं कुणी नव्हतं. एका आशाताईंनी दोन आजोबांना आपणहून आणलं. त्यांच्या हातापायांना संवेदना नाही. मंडईच्या उतारावर स्टेनलेस स्टीलचे चकचकीत कठडे बसवायचे होते. एक आजोबा नुसते म्हणाले, "उन्हाळ्यात हे तापणार. मला चटका लागलेला कळत नाही, फोड आल्यावर दिसतो." कठडे सावलीत नसतील तिथे धातू उघडा ठेवायचा नाही, एवढा एक बदल त्यातून झाला. अंदाजपत्रकात तो अगदी किरकोळ होता.

तिसरी गोष्ट स्वच्छतागृह. आम्ही पदपथाबद्दल विचारत होतो आणि बायका, दिव्यांग असोत वा नसोत, स्वच्छतागृहाबद्दल बोलत होत्या. मंडईतल्या स्वच्छतागृहाला रॅम्प होता आणि दिव्यांगांसाठी वेगळी खोलीही होती. तिला कुलूप होतं, आत झाडू, फिनेलचे कॅन आणि एक मोडकी हातगाडी. किल्ली ज्याच्याकडे असते तो दुपारी जेवायला घरी जातो. सकाळी सात ते रात्री नऊ बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी दिवसभर पाणी पीत नाहीत, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की अभियंत्यांनी वहीत लिहिणं थांबवलं आणि वर पाहिलं. रस्त्याच्या निविदेत स्वच्छतागृह बसत नव्हतं. ते वेगळ्या प्रस्तावातून, त्याच वर्षी, दुरुस्त करून घेतलं आणि तिथे पूर्णवेळ बाई नेमली गेली.

व्यापाऱ्यांशी बोलणी सगळ्यात लांबली. पार्किंग जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती, कारण काही जागा जाणारच होत्या. स्टँडलगतच्या पडीक जागेत दुचाकींसाठी तळ करायचं ठरल्यावर विरोध सौम्य झाला, संपला नाही. ओट्यांच्या पायऱ्यांचा प्रश्न त्यांच्याच सहकार्याने सुटण्यासारखा होता, कारण दुकानात जायचा उतार पदपथावर आला तर तो चालण्याची पट्टी खातो. जिथे शक्य होतं तिथे पदपथाची पातळीच थोडी वर घेतली आणि दोन पायऱ्यांची एक झाली. बाकी दुकानांत आजही पायऱ्या आहेत.

उत्तर देणं

आलेली प्रत्येक सूचना, तिच्यावर काय ठरलं आणि का, असा तक्ता करून तो चौकात लावला. ठळक निर्णय घंटागाडीवरून वाचून दाखवले आणि शिक्षिकेने सांकेतिक भाषेत केलेली चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली. नाकारलेल्या सूचनाही कारणासह त्यात होत्या. उदाहरणार्थ, एका आईने आपल्या मोठ्या, मतिमंदत्व असलेल्या मुलाचे कपडे बदलायला स्वच्छतागृहात आडवं होण्यासारखी बाक असलेली खोली मागितली होती. जागा कमी पडते म्हणून नाही म्हटलं गेलं. ते कारण मला आजही पटलेलं नाही. पण "नाही" असं लेखी मिळाल्यामुळे ती बाई तोच कागद घेऊन पुढच्या वर्षीच्या प्रस्तावासाठी पुन्हा येऊ शकली.

निविदेत एक अट घातली : अंतिम देयकाआधी सहभागी लोकांसह संयुक्त पाहणी, आणि तिच्या नोंदी मोजमाप पुस्तिकेसोबत. ठेकेदाराने सुरुवातीला हसण्यावारी नेली.

परिणाम

संयुक्त पाहणीत संगीत शिक्षक लांब पट्टीच्या फरशांवरून चालत निघाले आणि थेट विजेच्या पेटीवर जाऊन धडकले. फरशा बसवणाऱ्या मजुराने सरळ रेघ ओढली होती, मध्ये पेटी आली तर पेटीच्या अलीकडे थांबून पलीकडून पुन्हा सुरू केली होती. त्याला या फरशा कशासाठी आहेत हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. ठेकेदाराने तो पट्टा उखडून वळसा घालून बसवला, देयक त्यानंतर निघालं. पुढच्या टप्प्याच्या आधी शिक्षकांनी मजुरांबरोबर बसून काठी त्यांच्या हातात दिली, डोळ्यांवर रुमाल बांधून चालायला लावलं. त्यानंतरचं काम डोळ्यांत भरण्याइतकं सफाईदार झालं.

कड आणि उंच केलेले ओलांडे अपेक्षेप्रमाणे चालतात. बँकेपुढे दुचाकी खरोखर हळू होतात. तीनचाकीवाले दादा आता स्वतःहून बाजाराला येतात, आधी मुलगा ढकलत आणायचा. पेपरवाल्यांनी स्टँडवरून जागा हलवून देवळापाशी घेतली, तिथे खप जास्त आहे.

काही गोष्टी ढासळल्या. संध्याकाळी पदपथावर दुचाकी चढतात, ६ सेंटिमीटरची कड त्यांना अडवत नाही. यात्रेच्या रथासाठी चौकातले खांब काढता येतील असे केले होते. यात्रा झाली, खांब गोदामात गेले आणि परत बसायला बरेच आठवडे लागले. ठिपक्यांच्या काही फरशा पाइपलाइनच्या दुरुस्तीत उखडल्या आणि जागी साधे पेव्हर ब्लॉक आले.

पुन्हा करायचं तर

जमिनीखालचं काम आधी उरकण्याच्या निर्णयाची एक किंमत चुकवावी लागली. चेंबरच्या जागा आणि झाकणांची पातळी वरचा आराखडा पक्का होण्याआधीच ठरली. परिणामी तीन ठिकाणी झाकण नेमकं स्पर्शपट्टीच्या मध्ये आलं आणि पट्टीला वळण द्यावं लागलं. फक्कीची सकाळ खोदकामाआधी घेतली असती तर चेंबर पथारीच्या रांगेत सरकवता आले असते. त्यासाठी अख्खा आराखडा पक्का असण्याची गरज नव्हती, चालण्याची पट्टी कुठून जाणार एवढं ठरलं असतं तरी पुरे होतं.

सगळ्या फेऱ्या कोरड्या ऋतूत आणि दिवसाउजेडी झाल्या. पावसात ठिपक्यांच्या ओल्या फरशीवरून कुबडीचं रबर घसरतं हे पहिल्याच पावसाळ्यात कळलं. कमी दिसणाऱ्यांना संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशात पिवळी पट्टी फरशीतून वेगळी दिसते का, हे कुणीच तपासलं नाही. एक फेरी पाणी ओतून आणि एक रात्रीची, एवढ्याने हे दोन्ही आधी दिसलं असतं.

कुष्ठवस्तीतले आजोबा योगायोगाने आले. प्रमाणपत्राच्या यादीवर विसंबलं की यादीबाहेरचे सुटतात, म्हणून आशाताई आणि बचत गट यांच्याकडून सुरुवात करणं आणि यादी नंतर ताडून पाहणं हा क्रम जास्त बरोबर ठरला असता.

आणि देखभालीची तरतूद. निधी बांधण्यासाठी येतो, राखण्यासाठी येत नाही. कामाच्या निविदेतच काही वर्षांची फरशा-खांबांची देखभाल ठेकेदारावर ठेवता आली असती. ती मागणी सहभागी लोकांनी दुसऱ्या फेरीत केलीही होती, पण अंदाजपत्रक वाढेल म्हणून मागे पडली.

हे सगळं घडलं त्यानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सुगमतेची मानकं नुसती मार्गदर्शक ठेवणारा, २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालच्या नियमांमधला नियम १५ चा भाग न्यायालयाने मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान मानकं वेगळी काढून ठरवायला केंद्राला सांगितलं. आमच्या गावातला देखभालीचा प्रस्ताव आता या निकालाच्या आधाराने पुन्हा मांडला आहे. त्यावर पहिली सही तीनचाकीवाल्या दादांची आहे, दुसरा अंगठा फुलवाल्या मावशींचा. पावसाळा सुरू झाल्यावर, रस्ता ओला असताना, पाहणीची पुढची फेरी ठरलेली आहे आणि अभियंत्यांनी तिची तारीख स्वतःच्या डायरीत लिहून घेतली आहे.